सोनेतारणाच्या काउंटरवरून पहिली पटकथा

मी तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेच्या सोनेतारण विभागात काम करते. सराफ दागिना कसोटीवर घासून बघतो, वजन करतो, किंमत सांगतो. मी अर्ज भरून घेते, सह्या घेते, पाकिटाला सील लागेपर्यंत समोर थांबते आणि पावती हातात देते. पेरणीच्या तोंडावर आणि शाळा उघडायच्या सुमारास आमच्याकडे रांग लागते. सिनेमाशी माझं नातं प्रेक्षकाचं, आणि थोडंफार कॉलेजातल्या एकांकिकांचं. यंदा माझी पहिली पटकथा पूर्ण झाली. पंचवीसेक मिनिटांच्या लघुपटाची आहे. सुरुवात करताना असा एखादा अनुभव वाचायला मिळावा असं मला फार वाटायचं, म्हणून माझा लिहिते आहे.

सगळं सुरू झालं ते ‘बायसिकल थीव्ज’पासून. व्हित्तोरिओ डी सिका यांचा १९४८ सालचा हा इटालियन सिनेमा जिल्ह्याच्या गावी एका फिल्म सोसायटीत दाखवणार होते. सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक ती रोमभर शोधत फिरतात, एवढी गोष्ट मला आधीच माहीत होती. पण मला धरून ठेवलं ते चोरीच्या कितीतरी आधीच्या एका प्रसंगाने. अंतोनिओला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण त्यासाठी स्वतःची सायकल हवी आणि ती तर गहाण पडलेली. त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि गहाण ठेवायला घेऊन जाते. तिच्या लग्नातल्या चादरी त्या. खिडकीपलीकडचा माणूस त्या उलटसुलट करून बघतो, रक्कम सांगतो, ती थोडं वाढवून मागते. मग दुसरा एक कर्मचारी ते गाठोडं उचलून मांडणीवर चढायला लागतो, आणि कॅमेरा त्याच्यासोबत वर जातो. मांडणी संपतच नाही. एकावर एक, छतापर्यंत, नुसती गाठोडी.

त्या गाठोड्यांकडे बघताना मला आमची तिजोरी दिसली. पाकिटांवर नंबर, नंबरामागे नाव, नावामागे घर. रोज बघते मी हे. एका शहराची गरिबी सांगायला त्या लेखकांना एकही वाक्य लागलं नाही, आणि ज्या जागेतून त्यांनी ती सांगितली तिथे माझी रोजची खुर्ची आहे. सिनेमा लिहायचा तर मुंबई पाहिजे, ओळखी पाहिजेत, काहीतरी विलक्षण आयुष्य पाहिजे, हे डोक्यात घट्ट बसलेलं होतं. ते त्या संध्याकाळी सुटलं.

घरी आल्यावर या सिनेमाबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि कळलं की हा सिनेमा बघून कामाला लागलेली माणसं देशोदेशी आहेत. सत्यजित राय १९५० मध्ये जाहिरात कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले होते. तिथे हा सिनेमा बघितल्यावर त्यांचा सिनेमा करायचा निश्चय झाला, आणि परतीच्या बोटीवरच ‘पथेर पांचाली’ची आखणी सुरू झाली. १९५२ मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात बिमल रॉय यांनी तो बघितला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. तीही कर्जाचीच गोष्ट. अनुराग कश्यप यांनी १९९३ मध्ये दिल्लीच्या महोत्सवात डी सिकांचे सिनेमे बघितले आणि मग मुंबई गाठली. या तिघांच्या सिनेमांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. प्रत्येकाने त्यातून आपापल्या गावाकडे जाणारी वाट काढली.

आपल्याकडची पहिली गोष्ट तर याहून जुनी. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट बघितला, आणि पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, असं त्यांनी स्वतःच ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलं आहे. ही आठवण सगळे सांगतात. मला मात्र त्यानंतरचा भाग जास्त ओढतो. त्यांनी रात्र-रात्र अभ्यास केला, इतका की डोळे अधू व्हायची वेळ आली. विम्याची पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. कुंडीतल्या रोपाची वाढ चित्रित करून ती भांडवल देणाऱ्याला दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी लागले. त्यानंतर कुठे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सोनेतारणात काम करणारीने हे वाचलं की तिला काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा मी लिहायला बसलेच नाही. सिनेमा पुन्हा लावला, हातात वही घेतली आणि एकेक प्रसंग थांबवत उतरवून काढला. डावीकडे पडद्यावर काय दिसतं ते, उजवीकडे त्यातून मला काय नवं कळलं ते. उजवा रकाना रिकामा राहील असा प्रसंग या सिनेमात जवळजवळ नाहीच. सोडवून आणलेली सायकल सकाळी पुसताना छोटा ब्रुनो पेडलजवळचा पोचा दाखवतो आणि बापाला म्हणतो, हा आधी नव्हता. त्या एका वाक्यात सायकलीवरचा त्याचा जीव आहे, गहाणवाल्यांवरचा राग आहे, आणि या घरात हिशेब कोण ठेवतो तेही आहे. निघताना तो बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून खिडकी लोटून घेतो. हे सगळं आधी पेरलेलं असतं, म्हणून शेवटी बापालाच सायकल चोरताना लोक धरतात तेव्हा त्या पोराचा चेहरा आपल्याला बघवत नाही. पटकथेची पुस्तकं मी नंतर वाचली, उपयोगही झाला, पण मला लिहायला शिकवलं त्या वहीने. नव्याने लिहिणाऱ्या कुणालाही मी आधी हेच करायला सांगेन: ज्या सिनेमाने झोप उडवली तोच घ्यावा आणि हाताने उतरवून काढावा.

विषय शोधावा लागला नाही. आमच्याकडे लग्नसराईत एक प्रश्न हमखास येतो: “मॅडम, एका दिवसासाठी मिळेल का हो? परवा परत आणून देते.” मिळत नाही. व्याज आणि मुद्दल भरल्याशिवाय पाकीट तिजोरीतून हलत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हा प्रश्न विचारणारीच्या घरी काय चाललं असेल, हा विचार मी अनेक वर्षं घरी घेऊन जात होते. त्यातून वन लाइन, म्हणजे एका वाक्यातली गोष्ट, तयार झाली: भाच्याच्या लग्नात घालायला, तारण ठेवलेलं मंगळसूत्र एका दिवसासाठी मिळावं म्हणून धडपडणाऱ्या बाईची गोष्ट. सकाळी पतसंस्था उघडते तिथे सुरू होते, संध्याकाळी हळदीला संपते. एक पथ्य मी पहिल्या दिवसापासून पाळलं. कोणत्याही खातेदाराची गोष्ट जशीच्या तशी घ्यायची नाही. लोक आमच्याकडे अब्रू ठेवून जातात, ती सिनेमासाठी वापरायला माझा जीव धजला नसता. माझी सुमन पूर्णपणे रचलेली आहे.

वन लाइननंतर प्रसंगांची यादी केली. प्रत्येक प्रसंग वेगळ्या कार्डावर लिहून भिंतीला चिकटवला, म्हणजे पुढेमागे करता येतो. मग पहिला खर्डा. एकांकिकेतून आलेल्या माणसाचा पहिला खर्डा बोलका होतो, माझाही झाला. सुमन काउंटरशी येऊन कारकुनाला घरची सगळी कहाणी सांगायची. नाटकात ते चालतं, प्रेक्षकाला ऐकूनच कळायचं असतं. तालमीतल्या जुन्या मित्रमैत्रिणींना जमवून मी तो खर्डा मोठ्याने वाचून घेतला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, ती इतकं बोलते की मला तिच्याकडे बघावंसंच वाटत नाही.” त्या वाक्याने पुढचे सगळे खर्डे घडवले.

मंगळसूत्र तारण ठेवतानाचा तो मागचा प्रसंग आता असा आहे. सराफ मंगळसूत्रातलं सोनं आणि मणी वेगळे करतो, कारण काळे मणी वजनात धरत नाहीत. सोनं तराजूत जातं, मणी काचेवर पसरतात. सुमन ते बोटाच्या टोकाने एकेक गोळा करते. एक मणी घरंगळत काउंटरच्या कडेपर्यंत जातो, तो कारकून हाताने अडवते. सुमन विचारते, “दोरा आहे का?” पाकीट बांधायच्या रिळातला दोरा कारकून तोडून देते. सुमन तिथेच उभ्याने मणी ओवते, गळ्यात बांधते, पदर सारखा करते आणि सही करायला पेन मागते. उरलेल्या दोऱ्याने पाकीट बांधलं जातं. पानभर संवाद होते तिथे तीन शब्द उरले. हे लिहून झालं तेव्हा मला खूप रडू आलं, आणि आनंदही तेवढाच झाला.

लेखनाच्या स्वरूपाबद्दल थोडक्यात. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर ठिकाण, आत की बाहेर, दिवस की रात्र एवढं लिहायचं. वर्तमानकाळात लिहायचं. जे दिसत नाही किंवा ऐकू येत नाही ते लिहायचं नाही. ‘तिला वाईट वाटतं’ हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. नीट मांडलेलं एक पान साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब. मी सगळं मराठीतच, युनिकोडमध्ये टाइप केलं.

पटकथा कुणाला पाठवायच्या आधी ती नोंदवावी, हा सल्ला ऐकला याचं मला समाधान आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की तिथे ऑनलाइन नोंदणी करता येते. त्यांच्या अंधेरीच्या कार्यालयात जावं लागत नाही. कॉपीराइट तसा लिहिल्याक्षणी लेखकाचाच असतो, नोंदणीमुळे अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा पुरावा तयार होतो. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी: नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती तुम्ही कशी मांडली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलं आहे. म्हणूनच चार ओळींची कल्पना जपत बसण्यापेक्षा पटकथा पूर्ण लिहून काढणं शहाणपणाचं.

नंतरचे काही महिने कठीण गेले. एका निर्मात्याने पटकथा मागवून घेतली आणि पुढे फोनच उचलला नाही. शेवटी फिल्म सोसायटीत ओळख झालेल्या एका तरुण दिग्दर्शकाने ती वाचली. आमच्या शाखेत चित्रीकरणाला परवानगी मिळणार नाही हे उघड होतं, सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणून एका बंद पडलेल्या दुकानात काउंटर उभारायचं ठरलं आहे. सराफाची भूमिका करणाऱ्याला कसोटीवर दागिना कसा घासतात ते आमचे सराफकाका स्वतः शिकवत आहेत, आणि त्या कामात ते इतके रमलेत की दागिना धरायच्या पद्धतीवरून परवा तासभर तालीम चालली.

एका मुद्द्यावर आमचं अजून जुळत नाही. दिग्दर्शकाला वाटतं, संध्याकाळपर्यंत सुमनला मंगळसूत्र मिळावं. मी नाही म्हणते. अंतोनिओलाही सायकल परत मिळत नाही, पण माझं कारण ते नाही. पैसे भरल्याशिवाय ते पाकीट उघडत नाही हे मला माहीत आहे, आणि त्या बायका खोटी माळ घालून लग्नात मिरवतात, वाढतात, उखाणे घेतात, हेही मी बघितलेलं आहे. सुमन हळदीला दोऱ्यातले मणी घालून उभी राहते, असाच शेवट मी लिहिला आहे. पुढच्या रविवारी दोन्ही शेवट कलाकारांकडून वाचून घेणार आहोत. चित्रीकरण दिवाळीनंतर, कारण दिवाळीपर्यंत मला रजा नाही.