गाडीचा एसी घरी भरताना वजनकाटा जवळ ठेवा

कुलिंग कमी झाले की ‘गॅस संपला असेल’ असे आपण सहज म्हणतो. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो, आणि तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळत असतो. म्हणून गॅसचा कॅन उघडण्याआधी मी नळ्यांचे सांधे बघतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपत असल्याने गळतीच्या जागी धूळ बसलेला तेलकट डाग दिसतो. असा डाग सापडला, तर आधी दुरुस्ती आणि व्हॅक्यूम (आतली हवा आणि ओल ओढून काढणे) करावे लागते, आणि ते काम वर्कशॉपचेच आहे.

पहिल्या वेळी मी दाब दाखवणाऱ्या गेजच्या हिरव्या पट्ट्यावर विसंबून गॅस भरत गेलो. तो जास्त झाला, कुलिंग उलट घटले, कॉम्प्रेसर सारखा बंद पडू लागला आणि शेवटी जादा गॅस मशीनवर काढून घ्यावा लागला. कारण नंतर उमगले: इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब गेजवर सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) असतो, आणि आत थोडाही गॅस द्रवरूपात शिल्लक असेपर्यंत, गॅस निम्मा असो वा पुरा, तो तेवढाच राहतो. दाबावरून वजन कळत नाही.

आता बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम वाचूनच मी सुरुवात करतो. आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस असेल तर हात लावत नाही, कारण तो पेट घेऊ शकतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे असते, म्हणून त्याही टाळतो. आत किती गॅस उरला आहे हे घरी कळत नाही, त्यामुळे कॅन काट्यावर ठेवून एका वेळी जेमतेम ५० ग्रॅम सोडतो, थांबतो, व्हेंटमधल्या थर्मामीटरकडे बघतो आणि हवा पुरेशी गार झाली की तिथेच थांबतो.

कॅनची होज फक्त लो साइडलाच, म्हणजे कमी दाबाच्या बाजूलाच जोडावी. चालू एसीत हाय साइडचा दाब उलटा कॅनमध्ये शिरला तर कॅन फुटू शकतो. कॅन उभाच धरावा, नाहीतर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो. हा द्रव उणे २६ अंशांनाच उकळतो आणि त्वचेवर उडाला तर हिमदाह होतो, म्हणून गॉगल आणि हातमोजे न घालता मी कपलर (होजचे जोडणीचे टोक) कधीच काढत नाही. शेवटी व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवावी. गळती रोखण्यात तिचाही वाटा असतो.