फुल व्हर्जन

"मामा, याचं फुल व्हर्जन आहे का?"

भाच्याचा मेसेज. सकाळी त्याला शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी पाठवली होती.

म्हटलं, बाबा रे, हेच फुल. ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी ग्रामोफोनची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. पुढे सुई थेट लेबलापाशी.

"मग एवढ्यात गायचं तरी काय?"

दिवसभर हे डोक्यातून जाईना. संध्याकाळी पुन्हा लावली. तो बारीक, टोकदार आवाज, मागे खरखर. वेळ इतका कमी, पण घाई कुठेच नाही! 'चैन'पाशी आले की जणू अख्खी रात्र हाताशी आहे. (हल्लीच्या काही कलाकारांना दोन तास मिळूनही धाप लागलेली असते, ते सोडा.)

खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेला दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. पण त्यांच्या मैफिली कुठे उरल्या? आपण ज्याला त्यांची गायकी म्हणतो, ती बरीचशी तबकडीच्या मापाने बेतलेली. समोर बसून ऐकणाऱ्यांना हीच ठुमरी किती वेळ मिळाली असेल, कोण जाणे.

भाचा आता म्हणतोय, "अशी अजून पाठव."

सुचवा की. तुम्ही सध्या कुठली जुनी तबकडी ऐकताय?