कमी पेट्रोल पिणारे इंजिन

मुंबई बंदरात आणि अलिबागच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, इंजिनांची दुरुस्ती करण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे. या काळात सर्वाधिक वेळा कानावर आलेली तक्रार एकच, बोट पेट्रोल फार पिते. बहुतेक वेळा तिचे मूळ तासाभरात सापडते; तळाला चिकटलेले बार्नॅकल (कवचाचे समुद्री जीव), बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळपोकळीत, साचलेले पाणी किंवा चालवणाऱ्याची सवय, यांपैकी काहीतरी निघते. गेल्या डिसेंबरमध्ये माझ्याकडे आलेल्या बोटीने मात्र माझी आठवडाभर झोप उडवली.

बोट बत्तीस फुटी, खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची आणि वेगासाठीच बांधलेली होती; मागे 250 अश्वशक्तीची दोन चार-स्ट्रोक इंजिने होती. मालक दर शनिवारी गेटवेहून मांडव्याला जात असत. हे अंतर सुमारे आठ सागरी मैल धरता येईल. एका बाजूच्या फेरीला सत्तावीस लिटर पेट्रोल जाते, ही त्यांची तक्रार होती आणि त्यांचा सगळा राग उजव्या इंजिनावर होता, कारण समोरच्या पडद्यावर दोन्ही इंजिनांचे मिनिटाला होणारे फेरे सारखे दिसत असताना उजवे इंजिन डाव्यापेक्षा तासाला दहा-बारा लिटर जास्त पेट्रोल ओढत होते. त्यांनी आधीच एका कार्यशाळेत त्या इंजिनाचे इंजेक्टर साफ करून घेतले होते, स्पार्क प्लग आणि फिल्टर बदलले होते, पेट्रोलमध्ये भेसळ आहे असे समजून पेट्रोल भरण्याचा पंपही बदलला होता. फरक काहीच पडला नव्हता. “साहेब, उजवे इंजिन उघडायचेच आहे,” असे त्यांनी मला फोनवर ठामपणे सांगितले.

चांगले चालणारे इंजिन केवळ संशयावरून उघडणे मला पटत नाही. मी आधी बोट किनाऱ्यावर ओढून घेतली. मुंबईच्या पाण्यात मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला काही आठवड्यांतच शेवाळ आणि बार्नॅकल धरते, तसे येथेही धरलेले होते. तो थर खरवडून काढला, बिल्जमधले पाणी उपसले आणि मागच्या कप्प्यात विनाकारण पडून असलेला जादा नांगर आणि साखळी उतरवली. दोन्ही इंजिनांचे पंखे, म्हणजे प्रोपेलरही पाहिले. स्टेनलेस स्टीलचे, चकाकणारे पंखे होते आणि दोन्हींच्या बुडख्यावर 21 इंच पिचचा आकडा कोरलेला होता. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा न घसरता जितका पुढे जाईल ते अंतर. पात्यांना कुठेही खाच किंवा वाक दिसला नाही. मी समाधानाने पुढे गेलो आणि तेथेच माझी चूक झाली.

चाचणीसाठी मी अष्टमीच्या भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असण्याचा, दिवस निवडला. उधाणाच्या दिवसांत बंदराच्या तोंडाशी प्रवाह इतका जोरात असतो की जीपीएसवर दिसणारा वेग बोटीचा किती आणि पाण्याचा किती, हे सांगता येत नाही. भांगाला तो मंदावतो, पण थांबत नाही. म्हणून प्रत्येक नोंद जाताना आणि येताना अशी दोनदा घेऊन वेगाची सरासरी काढावी लागते. दुपारी वायव्येचा वारा सुटून पाणी खवळण्याआधी काम उरकावे म्हणून आम्ही सकाळी सहालाच निघालो. मालक आणि मी पडद्यासमोर बसलो होतो आणि सुकाणूवर एक अनुभवी तांडेल होते.

पहिल्या तासात जे दिसले ते अपेक्षेप्रमाणे होते, पण मालकांना ते नवे होते. 1200 फेऱ्यांवर बोट साडेसहा नॉटने, म्हणजे ताशी साडेसहा सागरी मैलांनी, रांगत होती आणि दोन्ही इंजिने मिळून तासाला नऊ लिटर, म्हणजे सागरी मैलाला सुमारे 1.4 लिटर पेट्रोल लागत होते. 2600 फेऱ्यांवर वेग तेरा नॉट झाला, नाळ, म्हणजे बोटीचे नाक, आभाळाकडे उचलली गेली, मागे डोंगरासारखी लाट उभी राहिली आणि खप मैलाला 3.7 लिटरवर गेला. घरची मंडळी बरोबर असली की मालक काटकसर म्हणून नेमके याच वेगाने जात असत. अशा बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेची चढण ओलांडून पाण्याच्या पृष्ठावर सरकायला लागेपर्यंत सर्वाधिक श्रम पडतात. त्या चढणीवर रेंगाळणे हा सर्वांत खर्चिक प्रकार आहे. “मग एकच इंजिन चालवले तर?” असे त्यांनी विचारले. बंदरात संथ जाताना एक इंजिन वर उचलून ठेवले तर थोडी बचत होते, हे खरे आहे. मात्र एका इंजिनाच्या बळावर ही बोट ती चढण चढूच शकत नाही आणि नाळ वर करून पाणी ढकलत राहते, हे मी त्यांना तेथेच एक इंजिन उचलून दाखवले.

खरी अडचण 3800 फेऱ्यांवर समोर आली. सरासरी वेग 28 नॉट होता. उजवे इंजिन तासाला 47 लिटर आणि डावे 35 लिटर घेत होते. पिच 21 इंच आणि गिअरचे गुणोत्तर 1.75 (इंजिनाच्या 1.75 फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा) धरले, तर पंखा पाण्यात स्क्रूसारखा न घसरता पुढे गेल्यास या फेऱ्यांवर साडेसदतीस नॉट वेग यायला हवा. प्रत्यक्षात पंखा थोडा घसरतोच, पण येथे घसरण पंचवीस टक्क्यांवर होती आणि तळ नुकताच साफ केलेला होता. मी आकडे पुन्हा पुन्हा पडताळत होतो, तेव्हा तांडेल सहज म्हणाले, “हिला सरळ ठेवायची तर सुकाणू कायम उजवीकडे धरावे लागते. डावी बाजूही बसते, म्हणून डावा टॅब मी नेहमी खालीच ठेवतो.” टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या कडेखाली वरखाली करता येणारी सपाट फळी.

तांडेलांचे हे वाक्य ऐकल्यावर मी फेरे जुळवून ठेवणारी यंत्रणा बंद केली आणि दोन्ही थ्रॉटल शेवटपर्यंत पुढे करायला सांगितले. उजवे इंजिन 5600 फेऱ्यांच्या पुढे जाईना आणि डावे 6100 च्या पुढे गेले. इतके दिवस ती यंत्रणा दोन्ही इंजिनांचे फेरे सारखे करून देत होती आणि त्याखाली दडलेला फरक कोणालाच दिसत नव्हता. कमी पेट्रोल पिणारे डावे इंजिन कार्यक्षम नव्हते. ते अंग चोरून काम करत होते आणि त्याच्या वाट्याचे ओझे उजव्यावर पडले होते. उजव्याचा पंखा एकटा जास्त जोर लावत असल्याने बोट डावीकडे वळत होती आणि त्याच्या फिरण्याच्या प्रतिक्रियेने तिची डावी बाजू खाली बसत होती. ती बाजू उचलण्यासाठी खाली केलेला टॅब पाणी अडवून तिला आणखी डावीकडे ओढत होता आणि ते सावरण्यासाठी उजवीकडे धरलेले सुकाणू पुन्हा वेग खात होते. चुकीच्या इंजिनावर महिनाभर उपचार चालले होते.

साध्या बोटीवर मी दोन्ही पंखे परस्परांत बदलून खात्री करून घेतली असती. येथे ते शक्य नव्हते, कारण जुळ्या इंजिनांचे पंखे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरतात आणि डाव्याचा पंखा उजव्याला चालत नाही. म्हणून मी डावा पंखा उतरवून माझगावला पिच मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तिन्ही पाती साडेएकोणीस इंचांच्या आसपास भरली. शिवाय पात्याच्या मागच्या कडेला जी बारीक वळवलेली किनार असते, जिला आम्ही कप म्हणतो आणि जिच्यामुळे पंखा पाणी घट्ट धरतो, ती घासून जवळजवळ सपाट झाली होती. मग मालकांना आठवले की गेल्या हंगामात थळजवळ हा पंखा डोल जाळ्याच्या खुंटावर आपटला होता आणि एका ठिकाणी दुरुस्त करून आणला होता. दुरुस्त करणाऱ्याने पाती सरळ केली, चकचकीत केली आणि त्या झिलईत कप गेला. बुडख्यावरचा आकडा तेवढा जसाच्या तसा राहिला. एखाद्या मिलिमीटरची किनार गेलेली नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठा फिरवला असता तर किनाऱ्यावरच मला ते कळले असते. त्या दिवसापासून मी प्रत्येक पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय पंखा पास करत नाही.

नवा डावा पंखा मिळायला बारा दिवस लागले आणि तोपर्यंत पुढचा भांग आला होता. आम्ही त्याच वेळी, त्याच टापूत, तेवढेच पेट्रोल टाकीत ठेवून पुन्हा गेलो. 3800 फेऱ्यांवर उजवे 42 आणि डावे 41 लिटर घेऊ लागले, म्हणजे एकूण खप एका लिटरने वाढलाच. पण वेग 28 वरून 32 नॉट झाला होता आणि मैलामागचा खप 2.9 वरून 2.6 लिटरवर उतरला होता. डावा टॅब पूर्ण वर होता. मग मी इंजिनांचा ट्रिम, म्हणजे त्यांचा कल, बोटाच्या हलक्या दाबाने थोडा थोडा बाहेर काढत गेलो. नाळ डुलायला लागली तेव्हा जरासा आत घेतला आणि तेथे आणखी अर्धा नॉट फुकट मिळाला.

मालकांची नेहमीची चाल 4600 फेऱ्यांची होती. पूर्वी त्या चालीने पस्तीस नॉट मिळत आणि मांडव्यापर्यंत सत्तावीस लिटर जात. आता 3800 वर जेमतेम एकवीस लिटर लागतात आणि वेळ दीड मिनिटही वाढत नाही. तांडेलांनी पांढरी चिकटपट्टी फाडून तिच्यावर 3800 लिहिले आणि ती फेऱ्यांच्या काट्याशेजारी लावली.

जुना पंखा मालकांना अडीनडीला म्हणून बोटीत ठेवायचा होता. तो देण्याआधी मी कानस घेऊन त्याच्या बुडख्यावरचा 21 पुसला आणि पंचाने त्या जागी साडेएकोणीस कोरले.