फोटोवरून का नाही काढत? (तुम्ही विचारलंत म्हणून)

मी स्थिरचित्रं काढते, तैलरंगात, वस्तू समोर मांडून. स्टुडिओत कुणीही आलं की हा प्रश्न येतोच, की फळं सुकतात, फुलं मान टाकतात, उजेड सरकतो, मग एक छान फोटो काढून निवांत त्यावरून का नाही काढत? इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच नीट लिहिते.

मुख्य कारण सावली. तांब्याचं भांडं आणि त्याला लागून एक लिंबू ठेवा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. भांड्याची अंधारी बाजू आधी काळीच वाटते, मग डोळा सरावतो आणि तिथे मंद पिवळसर उजेड दिसायला लागतो, तो लिंबावरून उसळून आलेला असतो. फोटोत ती जागा बहुतेक वेळा काळी ठिक्कर पडते, आणि ती दिसावी म्हणून एक्स्पोजर वाढवलं तर भांड्यावरची चकाकी पांढरी फटक होऊन पसरते. डोळा मात्र एकदा इथे, एकदा तिथे सरावत दोन्ही बघतो. त्यात ट्यूबमधला सगळ्यात पांढरा रंगसुद्धा खऱ्या चकाकीच्या जवळपास जात नाही, म्हणून बाकी सगळं थोडं थोडं खाली उतरवावं लागतं, तेव्हा कुठे तो ठिपका पेटतो. किती उतरवायचं हे मला ठरवायचं असतं, फोटोत ते कॅमेऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. शिकताना वर्षभर आम्ही पांढऱ्या प्लास्टरच्या वस्तू फक्त कोळशाने काढल्या, रंगाला हात नाही, तेव्हा फार चिडचिड व्हायची पण आज जे येतं ते तिथलंच.

मग कडा. दोन डोळ्यांना गोल वस्तूच्या दोन्ही अंगांनी जरा पलीकडचं दिसतं, त्यामुळे कड कुठे घट्ट तर कुठे विरलेली वाटते, आणि कॅमेऱ्याला एकच डोळा. फ्रेंच चित्रकार शार्दांची (1699–1779) भांडी बघा, एखादी कड मागच्या अंधारात कधी मिसळली कळतही नाही. या माणसाला 1728 मध्ये पॅरिसच्या रॉयल अकॅडमीत घेतलं ते प्राणी आणि फळांचा चित्रकार म्हणून, आणि तो प्रकार तेव्हा चित्रकलेत सगळ्यात खालचा धरायचे. मला हे आजही लागतं.

मांडणी हलली तर परत लावता यावी म्हणून फोटो मीही काढते, तेवढाच त्याचा उपयोग.

आणि हो, वेळ लागतोच. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा कितीतरी दिवस ओलाच राहतो. खालच्या थरात तेल कमी आणि वर जास्त ठेवायचं, उलटं केलं की पुढे तडे जातात. म्हणून आधी बर्न्ट अंबरमध्ये फक्त उजेड-अंधार लावायचा, वाळू द्यायचा, मग रंग, आणि रंगातही जे आधी कोमेजणार ते आधी, भांडं शेवटी. डच चित्रकार यान फान हाउसम याने 1742 मध्ये एका पत्रात लिहिलंय की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र राहिलं, नाहीतर झालं असतं. आठवणीतून काढला असता तर कुणाला कळलं असतं? तरी तो थांबला.

गेल्या महिन्यात माझं एक नासपती हिरवं रंगवून झालं आणि चार दिवसांत समोरचं पिवळं पडलं. फोटो होता हिरव्याचा. पण पिवळं झाल्यावर त्याच्या खालची सावलीसुद्धा बदलली होती, जरा ऊबदार, आणि ती इतकी सुंदर होती की मी पॅलेट नाइफने सगळं खरवडून काढलं आणि परत बसले. ते चित्र आता भिंतीला लावून वाळतंय, व्हार्निशला अजून सहा महिने तरी आहेत.