न पाहिलेले दृश्य

भयपट दुपारी पाहू नये, एवढे मला कळते. तरीही गेल्या आठवड्यात १९८१ सालच्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ची नव्याने स्वच्छ केलेली प्रत हाती लागली, तेव्हा खिडकीचे पडदे ओढण्याइतकाही धीर न धरता मी ती भर उजेडात लावून बसले. चित्रपट तोंडपाठ असल्याच्या तोऱ्यात अर्धे लक्ष दुसरीकडेच होते. मग माणसाचा लांडगा होतो ते दृश्य आले, आणि ते निम्मे सरल्यावर माझ्या ध्यानात आले की हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहे.

ही गोष्ट लाजिरवाणी अशासाठी, की भयपटांचे सर्वांत बहारदार दशक ऐंशीचे, हा दावा मी थोरल्या भावाशी कित्येक वर्षे लढवत आले आहे आणि त्या दाव्यातला माझा पहिला साक्षीदार हेच दृश्य आहे.

दादा सत्तरच्या दशकाचा कैवारी. त्याची बाजू मी इतक्यांदा ऐकली आहे की त्याच्या वतीने मीच मांडू शकेन. भीती दाखवण्यात नसून लपवण्यात असते, हे त्याचे सूत्र. १९७५ च्या ‘जॉज’मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्गला तो बराच वेळ नजरेआड ठेवावा लागला, आणि त्या बिघाडानेच चित्रपट तारला. १९७८ च्या ‘हॅलोवीन’साठी पैसा इतका बेताचा होता की ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टनचा तयार मुखवटा पांढरा रंगवून खुन्याच्या तोंडावर चढवला, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यामागे काय असेल ते प्रेक्षकांवर सोपवले. यावर मी काही बोलायच्या आत तो ‘द शायनिंग’ही आपल्या पदरात ओढून घेतो, काटेकोर हिशेबाने १९८० हे जुन्या दशकाचे शेवटचे वर्ष ठरते, असे त्याचे गणित. गणित बरोबर आहे, याचीच मला चीड येते.

माझा पक्ष रबराचा. ऐंशीच्या दशकात नटासमोर खरोखर काहीतरी असायचे. रबराचे, लेटेक्सचे, नळ्या जोडलेले, चिकट, कोणीतरी महिनोन्महिने खपून हातांनी घडवलेले, आणि त्यावर खरा दिवा पडून खरी सावली उमटायची. १९८२ च्या ‘द थिंग’मधली भेसूर शरीरे घडवणारा रॉब बोटीन तेव्हा जेमतेम विशीत होता. तो चित्रपट ‘ई.टी.’नंतर दोनच आठवड्यांनी आला आणि गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात पडलेल्या प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. रिक बेकरला ‘वेअरवुल्फ’साठी मिळालेले ऑस्कर तर रंगभूषेसाठी नव्याने सुरू झालेल्या वार्षिक पुरस्काराचे पहिलेच. हे सगळे मी दादाला दरवेळी ऐकवते.

न पाहताच ऐकवत होते, असे आता म्हणावे लागेल. लहानपणी आम्ही तो चित्रपट भाड्याच्या व्हिडिओ टेपवर पाहिला होता, मोठी माणसे घरात नसताना. ती टेप आमच्यापूर्वी कितीतरी घरे फिरून आलेली होती. चित्र थांबवून ठेवले तरी यंत्रातले हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, फिरतच राहते आणि फितीला त्याच जागी घासत राहते. त्यामुळे ज्या दृश्यापाशी लोक पुन्हा पुन्हा थांबत, तेच आधी झिजत असे. आमचा लांडगा असा झिजला होता. पडद्यावर पांढऱ्या आडव्या रेघा, मधूनच एखादा हात, पुन्हा रेघा. आवाजाचा पट्टा फितीच्या कडेला वेगळा असतो म्हणून तो मात्र शाबूत राहिला होता: सॅम कुकच्या मऊ गळ्यातले ‘ब्लू मून’, आणि त्याखाली किंचाळणारा माणूस. दादाने चित्र जुळवायचे ट्रॅकिंगचे बटण फिरवून पाहिले, यंत्राला दोन चापट्या मारून पाहिल्या. मी रेघांकडे टक लावून बसले होते, आणि त्या रेघांत मला लांडगा दिसला. त्याचा जबडा मी आजही कागदावर काढून दाखवीन.

नव्या प्रतीत तो जबडा कुठेच नव्हता. लख्ख उजळलेली खोली होती, लांबत जाणारा पंजा होता आणि उगवणारे केस होते, जे प्रत्यक्षात नकली कातडीतून आत ओढून घेतले आणि ते चित्रण उलटे चालवले. कारागिरीत खोट काढायला जागा नाही. पण मी पाहत राहिले तो त्या तरुणाचा चेहरा. त्याला दुखत होते. रेघांच्या आड मला जे श्वापद वाटले होते, ते बहुतेक वेळ एक नागडा, घाबरलेला माणूस होता, आणि तो मदतीसाठी थेट माझ्याकडे हात पसरत होता.

माझ्या बाजूचा सर्वांत भयंकर प्रसंग एका झिजलेल्या फितीने माझ्यापासून लपवून ठेवला होता, म्हणजे दादाच्याच सूत्राने मला घाबरवले होते. हे दादाला कळवलेले नाही. त्याचा फोन रविवारी येतो. तो शार्कपासून सुरू करील आणि मी रिक बेकरपासून.