आईच्या चालीने लिस्बन

लिस्बन हे सात टेकड्यांचे शहर आहे, हे प्रवासाविषयीच्या प्रत्येक लेखात वाचायला मिळते. पण उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या, ७४ वर्षांच्या आईला घेऊन तिथे जायचे ठरले, तेव्हा त्या साध्या वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. आम्ही तिघी निघालो होतो: आई, स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी आणि मी.

लिस्बनच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका युरोपीय शहरात आम्ही मोठ्या गटाबरोबर फिरलो होतो. पन्नासेक माणसे, सगळ्यांच्या कानात यंत्रे आणि सर्वांत पुढे छत्री उंच धरून भराभर चालणारा गाईड. जुन्या वस्तीकडे जाणारा चढ लागला, तेव्हा आईला पायथ्याच्या बाकावर बसवून आम्हाला वर जावे लागले आणि खाली यायला दीड तास लागला. "तुम्ही बघितलंत ना, मग झालं," एवढेच ती म्हणाली. ते ऐकून मला फार वाईट वाटले. त्याच रात्री लिस्बनसाठी ठरवलेली गटाची सहल मी रद्द केली आणि फक्त आमच्यासाठी येणारा गाईड शोधायला लागले.

ज्या बाई अखेर मिळाल्या त्या लिस्बनच्याच, इतिहास शिकलेल्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी तयार कार्यक्रम पाठवला नाही, आधी प्रश्न पाठवले. आई सपाट रस्त्यावर न थांबता किती वेळ चालू शकतात? त्यांना पायऱ्या चढताना जास्त त्रास होतो की उतरताना? तिघींपैकी प्रत्येकीला काय पाहायचे आहे आणि काय मुळीच नको आहे? दुसरा प्रश्न वाचला आणि माझा निर्णय तिथेच झाला. गुडघेदुखीच्या माणसाला चढापेक्षा उतार आणि त्यातही पायऱ्यांचा उतार जड जातो, हे घरात असे माणूस असल्याशिवाय सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

उत्तरात मी सविस्तर लिहिले. आम्ही वसईला राहतो. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेला आणि चिमाजी अप्पांनी जिंकून घेतलेला तिथला किल्ला आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. आईचे माहेर वाईचे, आणि वसईच्या त्या विजयानंतर ज्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोहोचल्या, त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे. त्यामुळे आमच्या किनाऱ्याशी ज्याचा संबंध पोहोचतो ते लिस्बन आम्हाला पाहायचे आहे, मुलीला इमारती पाहायच्या आहेत, आणि आईला कुठेही बाकावर बसवून आम्ही पुढे जाणार नाही.

दोन दिवसांनी त्यांनी आराखडा पाठवला, आणि त्यात लिस्बनचा सुप्रसिद्ध किल्लाच नव्हता. कारण त्यांनी स्पष्ट लिहिले होते: आत पायऱ्या फार, तटावर चढल्याशिवाय पाहण्याचे समाधान नाही आणि रांगेत उभे राहण्यातच आईंची ताकद संपेल, त्याऐवजी समोरच्या, त्याहून उंच टेकडीवरून संपूर्ण किल्ला एका नजरेत दाखवते. पुढे असेही लिहिले होते की, दुसऱ्या दिवशी मन झालेच, तर सखल भागातल्या रुआ दोश फान्केइरोश या रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. तिने एक टप्पा वर जाता येते आणि थोडे चालल्यावर जुन्या मंडईच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या बऱ्याच जवळ नेऊन सोडते, दोन्ही विनामूल्य. टेकड्यांच्या शहरात राहणारी माणसे रोज वर-खाली कशी करतात, हे त्या चार ओळींतून मला जितके कळले तितके आधी वाचलेल्या कुठल्याच लेखातून कळले नव्हते.

मे महिन्यातल्या त्या सकाळी टॅक्सीने आम्ही थेट सेन्योरा दो मोंते या टेकडीच्या माथ्यावर गेलो. समोर तांबूस कौलांच्या उतरंडी, त्यांच्यावर साँव जॉर्जेचा किल्ला आणि पलीकडे समुद्रासारखी रुंद दिसणारी तेजू नदी. १९४७ हे साल जसे आपल्या तोंडी असते तसे इथे ११४७ हे साल तोंडी असते, असे गाईड बाई म्हणाल्या. त्या वर्षी अफोंसो हेन्रिकेश या राजाने उत्तर युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुस्लीम लोकांकडून हे शहर जिंकले. बसण्याच्या जागा त्यांनी आधीच हेरून ठेवल्या होत्या. आई बसली की त्या सांगायला सुरुवात करत, आणि आई उठेपर्यंत त्यांचे सांगणे कधी अर्धवट राहिले नाही.

तिथून आम्ही सावकाश साँव व्हिसेंते द फोरा या मठात गेलो. हा थांबा कोणत्याही गटाच्या धावत्या फेरीत मला दिसला नव्हता. तो आमच्यासाठी निवडलेला होता. मठाच्या जुन्या भोजनगृहात पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचे दफनस्थान आहे. भिंतींलगत संगमरवरी पेट्या ओळीने ठेवलेल्या आहेत, आणि १९०८ मध्ये हत्या झालेल्या राजा कार्लुश आणि युवराजाच्या पेट्यांसमोर डोके झाकून शोक करणाऱ्या स्त्रीचा दगडी पुतळा आहे. गाईड बाई मात्र आम्हाला दुसऱ्याच एका पेटीपुढे घेऊन गेल्या आणि त्यांनी नाव वाचून दाखवले. ती याच घराण्यातली राजकन्या, कॅथरिन ऑफ ब्रागांझा होती.

मुंबई आंदण दिली, हे वाक्य आपण शाळेपासून पाठ केलेले असते. १६६१ चा करार, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह, आणि मग १६६८ मध्ये राजाने ते बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, हेही आपल्याला ठाऊक असते. पण ज्या मुलीच्या लग्नात हे सगळे घडले तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता, याची तिथे उभी असताना खंत वाटली. तिला मूल झाले नाही. परक्या दरबारात, वेगळ्या धर्मपंथाची राणी म्हणून तिने तीस वर्षे काढली, नवरा गेल्यानंतर १६९३ मध्ये ती लिस्बनला परतली, भावाच्या आजारपणात तिने राज्यकारभारही सांभाळला आणि १७०५ च्या अखेरच्या दिवशी तिने इथेच देह ठेवला. आई बराच वेळ गप्प उभी होती. मग तिने पायांतली चप्पल काढली, हात जोडले आणि म्हणाली, "माहेरी परत आली, एवढं बरं झालं." मी ते इंग्रजीत सांगितले. गाईड बाईंनी मान हलवली आणि काही क्षण त्याही बोलल्या नाहीत.

पुढचा उतार तीव्र होता, म्हणून तो २८ क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामने पार केला. ट्राम गच्च भरलेली होती, तरी एका तरुणाने आईला पाहताच जागा दिली. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेले एक मोठे चित्र आहे. १७५५ च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक त्यात दिसतो. तो चौक नीट पाहून ठेवा, दुपारी आपण त्याच जागी उभ्या असू, असे बाईंनी मुलीला सांगितले.

तिथून कॅथेड्रलकडे उतरताना रस्त्याच्या कडेला एक कारागीर पदपथ दुरुस्त करत होता. लिस्बनचे पदपथ हे पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसॉल्टचे छोटे चौकोनी तुकडे हाताने बसवून केलेले असतात. दिसायला फार सुंदर, पण वर्षानुवर्षांच्या चालण्याने गुळगुळीत झालेले, त्यामुळे बाईंनी आईला सबंध दिवस भिंतीच्या बाजूने चालवले, हात टेकता यावा म्हणून. तो कारागीर गुडघ्यांवर बसून एकेक दगड तळहातावर घेई, हातोडीच्या टोकाने त्याचा कोपरा उडवी, वाळूत बसवी आणि दोन ठोके मारून शेजारच्या दगडाच्या पातळीत आणी. मध्येच त्याने सोबत्याला हाक मारून काहीतरी मागितले, आणि आई थबकली. "बालदी म्हणाला तो!" त्याने खरोखरच बादली मागितली होती, पोर्तुगीजमध्ये तिला 'बाल्द' म्हणतात. मग काय, पुढच्या उतारभर दोघींचे हेच चालले. चावी म्हणजे 'शाव्ह', पगार हा पैसे देणे या अर्थाच्या 'पगार' या क्रियापदातून आलेला, लिलाव म्हणजे 'लेलाँव', घमेले म्हणजे 'गामेला'. इंग्रजी जेमतेम समजणारी आई आणि मराठीचा गंध नसलेल्या गाईड बाई यांच्यात माझ्या मध्यस्थीशिवाय झालेले ते पहिले बोलणे.

खाली बाइशा हा सखल भाग लागला आणि तिथला तास मुलीचा होता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऑल सेंट्स डेच्या सकाळी, चर्चमध्ये माणसे जमलेली असताना भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि शहर अनेक दिवस जळत राहिले. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या देखरेखीखाली हा भाग सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी नव्याने बांधला गेला. बाईंनी आम्हाला ओळखीच्या एका दुकानात नेले, जिथे नूतनीकरण करताना भिंतीचा एक तुकडा गिलावा न करता मुद्दाम उघडा ठेवला आहे. आत फुल्यांच्या आकारात जोडलेल्या लाकडांची चौकट दिसत होती. तिला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हादरली की लाकूड लवते आणि दगडमाती पडली तरी पिंजरा उभा राहतो, असा तिचा हेतू. तिची चाचणी घेण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावले होते, असे सांगतात. इमारतींच्या पायाखाली जमिनीत पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकलेले आहेत आणि ते भूजलात बुडालेले आहेत तोवर कुजत नाहीत, हे ऐकल्यावर मुलीने वही काढली आणि तिथेच जमिनीवर बसून जोडांची रेखाटने केली. दुकानदाराने तिला बसायला स्टूल आणून दिले. मोठ्या गटात असतो तर त्या भिंतीसमोर आम्हाला दोन मिनिटेही मिळाली नसती; इथे पाऊण तास गेला, आणि बाईंनी त्याबदल्यात पुढचे एक चर्च शांतपणे यादीतून खोडले.

नदीकाठच्या चौकाचे अधिकृत नाव प्रासा दो कोमेर्सियो असले, तरी लिस्बनची माणसे त्याला अजून 'तेरेइरो दो पासो', म्हणजे राजवाड्याचे आवार म्हणतात. तो राजवाडा १७५५ मध्येच गेला. आशियाशी चालणारा सगळा व्यापार ज्या 'काझा दा इंदिया'तून पाहिला जाई तिचे दप्तरही त्याच आपत्तीत नष्ट झाले. वसईची, चौलची, गोव्याची किती पाने त्यात गेली असतील, या विचाराने मी अस्वस्थ झाले.

दुपारी टॅक्सीने बेलें या नदीकाठच्या भागात गेलो. जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे. मसाल्याच्या आणि इतर सागरी व्यापारावरच्या ५ टक्के करातून हा मठ उभा राहिला. तिथे आम्ही फार थांबलो नाही. बाईंना आम्हाला नदीतल्या मनोऱ्यापाशी न्यायचे होते. पश्चिमेकडच्या एका छोट्या बुरजाच्या तळाशी, नीट दाखवल्याशिवाय दिसणारही नाही असे, झिजलेले एक दगडी डोके आहे. ते गेंड्याचे आहे. गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुजफ्फरशाहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिलेला हा प्राणी जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी इथे उतरला. पोर्तुगीजांनी त्याला 'गांदा' म्हटले, आपल्याच गेंडा या शब्दावरून. पुढच्या वर्षी पोपला भेट म्हणून रोमकडे नेताना जहाज बुडाले आणि तो साखळदंडांसकट गेला. त्याला कधीही न पाहिलेल्या ड्यूरर या जर्मन चित्रकाराने वर्णन आणि रेखाटन यांवरून केलेले त्याचे चित्र मात्र युरोपभर पोहोचले.

नदीकाठच्या कठड्यावर आम्ही चौघी बसलो. बेलेंचे प्रसिद्ध 'पेस्टल', म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या गोड पेस्ट्र्या, कागदी पिशवीतून काढून वाटले गेले. मग गाईड बाईंनी आपली वही उघडली. सकाळपासून मी पाहत होते, त्या वहीत माझे पत्र छापून चिकटवलेले होते आणि एका ओळीखाली रेघ ओढलेली होती. आईकडे वळून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आलेलं तुम्हाला दाखवलं. आता तुमच्याकडे गेलेली घंटा मला दाखवा."

आईने मोबाइलमधला फोटो काढला. दगडी मंडप, मागे कृष्णा आणि मध्ये ती घंटा. बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बाळ येशूला घेतलेल्या मेरीच्या उठावाची आकृती आणि १७०७ हे साल त्यांना सापडले, आणि त्या पुन्हा पुन्हा तेवढाच भाग न्याहाळत राहिल्या. लहानपणी घाटावर गेले की पहिल्यांदा घंटा वाजवायची आणि मग पाण्यात पाय सोडायचे, असे आई सांगत होती, आणि मी भाषांतर करत होते. गावाचे नाव काय, असे बाईंनी विचारले आणि वहीत लिहायला सुरुवात केली. "मेनवली," त्या म्हणाल्या.

"न नाही, ण," आई म्हणाली. "जीभ वर वळवा. मे-ण-व-ली."

बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. आईने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली, त्यांनी लिहिलेल्या नावाखाली मोठ्या अक्षरात 'ण' काढला आणि वही परत त्यांच्या मांडीवर ठेवली.