कट्ट्यावरचे २०० मिलिसेकंद

पुण्याच्या सारसबागेत संध्याकाळी आजोबांचा घोळका बसतो. एकाचं वाक्य संपतं न संपतं तोच दुसरा सुरू. मधली ही फट मोजली गेली आहे. २००९ साली दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली, तेव्हा सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. मराठी त्यात नव्हती. पुणेकर असते तर आकडा खाली आला असता, असा माझा संशय.

पण साधं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायलाच माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग उत्तर इतक्या लवकर येतं कुठून? ऐकतानाच ते तयार होत असतं. ‘अण्णा, चहा घेणार का?’ यातला ‘का’ कानावर येईपर्यंत अण्णांचं ‘अर्धा’ जिभेवर आलेलं असतं. तेवढ्या वेळात मेंदू मागचं लक्षात ठेवतो, पुढचं ओळखतो, आलेला शब्द दाबून धरतो आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाजही बांधतो. या शेवटच्या कामात कानाच्या थोडा वर आणि मागे, मेंदूचे टेम्पोरल (कानाजवळचा) आणि पॅरायटल (माथ्याकडचा) खंड जिथे मिळतात, तो भाग विशेष लागतो. मेंदूच्या व्यायामाला शब्दकोडं चांगलंच, पण ते तुमच्यासाठी थांबतं. गप्पा थांबत नाहीत.

गाडी अडते ती बहुतेकदा कानापाशी. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श पुसट होतात. ‘साठ’ की ‘आठ’ हे जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, उत्तराला उशीर होतो, तोवर विषय पुढे गेलेला. मग आजोबा गप्प बसू लागतात आणि घरचे म्हणतात, विसराळू झालेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ घटकांत श्रवणदोष आणि लोकांपासून तुटणं दोन्ही आहेत.

ओरडून उपयोग नसतो. त्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात. टीव्ही बंद करा, तीन फुटांवर समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. आधी विषय सांगा: ‘बाबा, बँकेचं बोलतोय.’ मग विचारा आणि मनात चारपर्यंत मोजा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात नको, शब्द बदला.

श्रवणयंत्र अनेकदा आठवड्यात कपाटात जातं, कारण पहिल्याच दिवशी ते घालून लोक गजबजलेल्या लक्ष्मी रोडला जातात. मेंदूला भांड्यांचा, हॉर्नचा आवाज नव्याने ओळखीचा व्हावा लागतो. सुरुवात घरातल्या शांत खोलीत, दिवसाला एक-दोन तास. मग वेळ वाढवत न्या. तरीही आवाज टोचत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) सेटिंग बदलून घ्या, स्वतः आवाज कमी करत बसू नका.

बागेत बाक निवडताना पाठ गोंगाटाकडे आणि तोंड मंडळींकडे ठेवा. बऱ्याच यंत्रांचे माइक समोरचा आवाज जास्त उचलतात.